फतेहगंजातलं मुलींचं हॉस्टेल: चार महिन्यांनी

भाची सांगलीची. इथे बडोद्यात फाइन आर्ट्सला पेंटिंग शिकते. पहिलं वर्ष ती माझ्याकडे दांडिया बाजारातच होती, पण स्टुडिओत रात्री उशिरापर्यंत काम आणि मग त्या वेळी एकटीने रिक्षा, हे तिच्या आईला सोसेना. म्हणून जूनमध्ये फतेहगंजात एक खासगी हॉस्टेल घेतलं. तिथून फॅकल्टीला चालत जाता येतं. हॉस्टेलचं नाव इथे लिहीत नाही. मालकांनी माझं बरंच ऐकलंय आणि उरलेल्यासाठी वेळ मागितलाय, तो त्यांना मिळायला हवा. पण मुलींसाठी जागा बघायला येणाऱ्या आईवडिलांना काय बघायचं ते कळावं, म्हणून सविस्तर लिहितेय.

खोल्या हवेशीर आहेत. पाणी चोवीस तास. जेवण गुजराती वळणाचं: फुलके, डाळीत गूळ, गुरुवारी खिचडी-कढी. सांगलीच्या पोरीला गोड डाळ जात नाही हे कळल्यावर रेक्टरबेन तिच्यासाठी ठेचा वेगळा काढून ठेवतात. या बाईंबद्दल एक शब्द वावगा लिहिणार नाही.

आता मुख्य गोष्ट. मी एकतीस वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंगं काढली. कुठल्याही इमारतीत गेले की माझी नजर आधी जिन्याकडे जाते. इथे जिना एकच, चार फुटी, आणि खाली लोखंडी जाळीचं चॅनल गेट. साडेदहा वाजले की त्याला कुलूप. मागच्या बाजूला एक दार होतं, त्याला आतून कडी आणि वर आणखी एक कुलूप. दोन्ही चाव्या रेक्टरबेनच्या उशाखाली. आणि रेक्टरबेन झोपतात अंगणापलीकडच्या खोलीत. म्हणजे रात्री बेचाळीस मुली आत आणि चावी बाहेर.

मी शेठना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बेन, छोकरीओनी जवाबदारी अमारी छे." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की कुलूप म्हणजे सुरक्षा. मुलींच्या बाबतीत आपल्याकडे सगळ्यांनाच असं वाटतं, माझ्या बहिणीलाही वाटत होतं.

मी त्यांना सुरतेची आठवण दिली. 24 मे 2019, सरथाणा, तक्षशिला आर्केडला लागलेली आग. क्लासला आलेली 22 मुलं गेली. आर्किटेक्चर-डिझाइनच्या प्रवेशाची तयारी करणारी मुलं होती त्यांत, म्हणजे माझ्या भाचीसारखीच, हातात पेन्सिल असलेली. उतरायला वाट उरली नाही म्हणून पोरांनी वरून उड्या टाकल्या. ते व्हिडिओ गुजरातेत सगळ्यांनी पाहिलेत. शेठनीही पाहिले होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

नॅशनल बिल्डिंग कोड 2016 चा चौथा भाग आगीवर आहे. त्यात साफ लिहिलंय की बाहेर पडायचं दार आतल्या माणसाला चावीशिवाय उघडता आलं पाहिजे आणि ते किमान एक मीटर रुंद हवं. मागचं दार भरलं 82 सेंटिमीटर. मी टेप लावून शेठना दाखवलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी ते दार बदललं. चौकट रुंद केली, दार बाहेरच्या अंगाला उघडेल असं बसवलं आणि आतून पॅनिक बार लावला. ही एक आडवी पट्टी असते. अंगाने ढकललं तरी दार उघडतं, अंधारात कडी चाचपडावी लागत नाही. बाहेरून मूठच नाही, त्यामुळे बाहेरचा कोणी आत येऊ शकत नाही. दार उघडलं की रेक्टरबेनच्या खोलीत बेल वाजते. शेठची काळजी मिटली, माझीही मिटली. बसवल्यानंतरच्या रविवारी आम्ही सगळ्या मुलींना उतरवून पाहिलं. पहिल्या वेळी पावणेचार मिनिटं लागली, कारण निम्म्या जणी सवयीने पुढच्या गेटकडे पळाल्या. दुसऱ्यांदा अडीच मिनिटांच्या आत अंगण भरलं.

पालकांनी खोल्यांच्या आतही डोकवावं, विशेषतः मुलगी चित्रकलेला असेल तर. भाचीच्या खोलीत पलंगाखाली टर्पेन्टाइनच्या चार बाटल्या होत्या आणि कोपऱ्यात जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा. टर्पेन्टाइनची वाफ साधारण 35 अंशांनाच ठिणगीने पेटू शकते. बडोद्याच्या मे महिन्यात बंद खोली त्याच्या वर जाते. जवसाच्या तेलाचं तर वेगळंच. ते वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. चिंधी पसरलेली असेल तर उष्णता निघून जाते, बोळा करून टाकला तर आतच साठते आणि काडी न लावता पेट घेऊ शकतो. मी मुलींना तिथेच बोळा सोडून दाखवला, वाळत घातला. आता गॅलरीत झाकणाचा पत्र्याचा डबा आहे, चिंध्या पाण्यात भिजवून त्यात जातात. बाटल्या खाली कुलपाच्या कपाटात. कुलूप शोभतं ते तिथे.

गणपतीत मुलींनी शाडूची मूर्ती स्वतः केली. एका ओडिशाच्या मुलीने सोंड घडवली, काय सुरेख वळण दिलं होतं! पण मखर बसलं पहिल्या मजल्याच्या जिन्याच्या वळणावर. थर्माकोल, जुन्या साड्यांचे पडदे, वर दिव्यांची माळ. चार फुटांतले दोन फूट उरले. सण मोडायचा नव्हता. आम्ही सगळ्यांनी मिळून मखर उचललं आणि जेवणाच्या हॉलमध्ये भिंतीशी नेलं. तिथे आरतीला सगळ्या जणी मावल्या, जिन्यात पंधराही उभ्या राहिल्या नसत्या.

नवरात्रात फाइन आर्ट्सचा गरबा असतो. मधोमध गाणारे, ढोल, पारंपरिक गरबे. ज्यांनी तो एकदा खेळलाय त्यांना मोठ्या मैदानांवरचा पुन्हा गोड लागत नाही. त्या नऊ रात्री हॉस्टेलचा दरवाजा एक वाजेपर्यंत उघडा ठेवला, वहीत नोंद करून. याचं श्रेय पूर्ण रेक्टरबेनना. संध्याकाळी मात्र एका एक्स्टेन्शन बोर्डावर तीन इस्त्र्या चालू दिसल्या. हजार-हजार वॅटच्या तीन म्हणजे 13 अँपिअर, आणि बोर्डाची वायर सहाची. हात लावला तर वायर गरम. इस्त्रीसाठी भिंतीत तीन वेगळे 16 अँपिअरचे पॉइंट हवेत, नव्या वायरिंगसकट. हे अजून झालेलं नाही. गीझरच्या लाइनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, आहे, त्याचं टेस्ट बटण दाबून पाहिलं, लगेच पडतो. आग विझवायचे सिलिंडर प्रत्येक मजल्यावर आहेत आणि काटा हिरव्यात आहे, पण दुसऱ्या मजल्यावरचा चपलांच्या रॅकमागे लपलाय.

राहिली गच्ची. तिच्या दाराला कुलूप आहे आणि इथे शेठचं कारण खरं आहे: कठडा जेमतेम अडीच फूट. पण आग लागली तर धूर जिन्यातून धुराड्यासारखा वर चढतो आणि वरचं दार बंद असलं की तिसऱ्या मजल्यावरच कोंडतो. कठडा किमान एक मीटर हवा, मग कुलूप काढता येईल. गवंडी माप घेऊन गेलाय, दिवाळीच्या सुट्टीत काम करायचं ठरलंय. तोवर गच्चीची एक चावी तिसऱ्या मजल्यावर काचेच्या पेटीत लावून घेतली, शेजारी छोटी हातोडी.

त्या गच्चीवरून आर्ट्स फॅकल्टीचा घुमट दिसतो, इंग्रज आर्किटेक्ट चिझमने बांधलेला. भाचीला तो पहाटेच्या उजेडात रंगवायचाय. जूनपासून विचारतेय.

पाचपैकी साडेतीन. कठडा आणि इस्त्रीचे पॉइंट झाले की इथेच येऊन बदलेन.