यूव्हर्जन बायबल अ‍ॅप मराठीत: वचन लगेच मिळतं, गोष्ट शोधावी लागते

बायबल वाचणाऱ्यांच्या फोनवर हमखास दिसणारं अ‍ॅप म्हणजे यूव्हर्जनचं बायबल अ‍ॅप. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या लाइफ चर्चने ते २००८ साली आणलं. पैसे पडत नाहीत, जाहिराती नाहीत. मराठीच्या एकाहून जास्त आवृत्त्या आहेत. बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं, बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत (चर्चमध्ये) उपासनेला वाचलं जाणारं ‘पवित्र शास्त्र’ आहे, आणि सोप्या मराठीतली इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जनही आहे. या सगळ्याबद्दल चांगलं बरंच लिहिलं जातं. इथे एकच गोष्ट तपासली आहे: बायबलमधल्या गोष्टी वाचून त्यांतून रोजच्या जगण्यासाठी काही घ्यायचं असेल, तर हे अ‍ॅप किती कामाचं?

मजकूर हाताशी देण्यात ते उत्तम आहे. पण त्याची सगळी रचना एकेका वचनाभोवती, म्हणजे अध्यायातल्या आकडा घातलेल्या एकेका ओळीभोवती आहे, आणि गोष्टीचा अर्थ एका वचनात मावत नाही. त्यामुळे अ‍ॅप जसं येतं तसं वापरलं तर मनन वरवरचं होतं. थोडी घडी बदलून वापरलं तर मात्र लोकलच्या गर्दीतही चांगलं वाचन होऊ शकतं.

सुरुवात ‘आजच्या वचना’पासून करू, कारण बहुतेकांचा अ‍ॅपशी संबंध तिथेच सुरू होतो आणि तिथेच संपतो. सकाळी सूचना येते, सुंदर चित्रावर एक ओळ असते, ती व्हॉट्सअ‍ॅपवर मंडळीच्या ग्रुपमध्ये जाते. यिर्मया २९:११ (यिर्मया या पुस्तकाचा २९वा अध्याय, ११वं वचन) असं सगळीकडे फिरतं: देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत. मुलाखतीच्या आदल्या दिवशी, बारावीच्या निकालाच्या दिवशी ते पाठवलं जातं. पाठवणाऱ्याची माया खरी असते. पण हा अध्याय म्हणजे बाबेलला (बॅबिलोनला) बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे. आधीचं दहावं वचन वाचलं की कळतं, सुटका सत्तर वर्षांनी होणार आहे. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण ती पाहायला उरणार नव्हते. मग तोवर काय करायचं? तेही तिथेच आहे, पाचव्या ते सातव्या वचनात: घरं बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्नं करा, आणि ज्या नगरात मी तुम्हाला पाठवलं त्याच्या हितासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. गावाकडून येऊन भाड्याच्या खोलीत आयुष्य काढणाऱ्या मुंबईकराला अकराव्या वचनापेक्षा सातवं वचन जास्त काम देतं. सोसायटीच्या पाण्याच्या मीटिंगला जाणं, वॉर्ड ऑफिसात तक्रार घेऊन उभं राहणं हाही आज्ञापालनाचा भाग आहे, हे त्यातून निघतं.

उपाय सोपा आहे. आजच्या वचनाची सूचना बंद करायची नसेल तर राहू द्या, पण ते शेअर करण्याआधी वचनावर टिचकी मारून पूर्ण अध्याय उघडा आणि आधीची दहा व नंतरची पाच वचनं वाचा. दोन-तीन मिनिटांचं काम आहे.

दुसरी अडचण अध्यायांची. अ‍ॅप एका वेळी एक अध्याय दाखवतं आणि पुढचा अध्याय बाण दाबून उघडावा लागतो. आपल्याला वाटतं की अध्याय संपला म्हणजे गोष्ट संपली. पण मूळ लेखकांनी अध्याय पाडलेले नाहीत. आजची विभागणी तेराव्या शतकातली, कँटरबरीचे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांच्या नावे सांगितली जाते. नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाच्या, वचनांना आकडे रोबेर एतिएन या छापखानदाराने १५५१ साली घातले. सोयीसाठी झालेली ही कापणी काही ठिकाणी गोष्टीच्या मधोमध गेली आहे.

याचं ठळक उदाहरण म्हणजे मत्तय २०:१–१६, द्राक्षमळ्यातल्या कामकऱ्यांचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा. मुंबईकरासाठी यात समजावून सांगावं असं फार थोडं आहे. सकाळी मजूर नाक्यावर थापी, ब्रश, घमेलं घेऊन उभी असलेली माणसं रोज दिसतात. मळ्याचा धनी असाच पहाटे बाजारात येतो आणि दिवसाची मजुरी ठरवून माणसं नेतो. मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी संध्याकाळी पाचला पुन्हा येतो. पाचला उभे असलेले सांगतात की आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. नाक्यावर अकरा वाजेपर्यंत काम न मिळालेला माणूस घरी काय तोंड घेऊन जातो, हे ज्याने पाहिलं आहे त्याला ते आळशी वाटणार नाहीत. संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी मिळते.

आता तपशील पाहा. धनी कारभाऱ्याला सांगतो की शेवटी आलेल्यांपासून द्यायला सुरुवात कर. हा क्रम उलटा असता तर पहाटेचे मजूर पैसे घेऊन खुशीत निघून गेले असते आणि कुरकुर झालीच नसती. गोष्टीला ती कुरकुर दाखवायचीच आहे. दुसरं, पैसे संध्याकाळीच दिले जातात, कारण मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी असं बायबलमधलं ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक (२४:१५) सांगतं. तो गरीब आहे, त्याचं मन तिच्यावर लागलेलं असतं. तिसरं, ती एका दिवसाची मजुरी म्हणजे घरातल्या त्या दिवसाच्या जेवणाचे पैसे. अर्धी मजुरी म्हणजे अर्धपोटी घर. धनी कामाचे तास मोजत नाही, घराची गरज पाहतो.

हे सगळं विसाव्या अध्यायातच आहे. पण हा दाखला सांगायची वेळ का आली, ते अ‍ॅपच्या त्या पानावर दिसत नाही. बाण मागे दाबून १९:१६ वर जा. येशूकडे आलेला श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून जातो. मग १९:२७ मध्ये येशूचा शिष्य पेत्र विचारतो की आम्ही सगळं सोडून तुमच्यामागे आलो, तर आम्हाला काय मिळणार? म्हणजे दाखला पहाटेच्या मजुराला सांगितला आहे, आणि पहाटेचा मजूर पेत्र आहे. पुढे २०:२० मध्ये जब्दीच्या मुलांची, म्हणजे याकोब आणि योहान या शिष्यांची, आई उजवी-डावी जागा मागायला येते. दाखला ऐकूनही धडा उतरलेला नाही. १९:१६ ते २०:२८ एका बैठकीत वाचलं की अर्थ आपोआप उघडतो आणि आपण कुठे उभे आहोत तेही कळतं. ज्या मंडळीची स्थापना आपल्या आजोबांनी केली, तिथे कालपरवा आलेल्या कुटुंबातला माणूस पंच म्हणून निवडून आला तर पोटात काय होतं? जुन्या मराठी मंडळ्यांत हा प्रश्न कल्पनेतला नाही.

या दाखल्याबाबत दोन चुका नेहमी होतात. एक, ‘मरणाच्या दारात विश्वास ठेवला तरी चालतं’ एवढाच अर्थ काढणं. त्यात पहाटेचा मजूर, म्हणजे आपणच, सुटून जातो. दोन, प्रत्येक वस्तूला गुप्त अर्थ चिकटवणं: पाच वेळा म्हणजे पाच युगं, मळा म्हणजे अमुक, कारभारी म्हणजे तमुक. दाखल्यात जिथे कुरकुर होते, जिथे ऐकणारा दचकतो, तिथे त्याचा रोख असतो. बाकी तपशील त्या जागेपर्यंत नेण्यासाठी असतात.

अ‍ॅपमध्ये तुलनेची सोय आहे. वचन निवडलं की तेच वचन वेगवेगळ्या आवृत्त्यांत एकाखाली एक दिसतं. जड वाक्य कळायला ही सोय फारच चांगली आहे, मनापासून शिफारस. पण गोष्टींसाठी लागणारी तुलना वेगळी असते: एकच प्रसंग तीन शुभवर्तमानांत, म्हणजे येशूची गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकांत. ती इथे शेजारी शेजारी मिळत नाही. वादळाचा प्रसंग घ्या: मार्क ४:३५–४१, मत्तय ८:२३–२७, लूक ८:२२–२५. मार्क सांगतो की येशू नावेच्या मागच्या भागात उशीवर झोपला होता आणि सोबत दुसऱ्याही नावा होत्या. मार्कमधल्या शिष्यांची हाक जवळजवळ तक्रार आहे: गुरुजी, आम्ही बुडतोय याची आपल्याला काळजी नाही का? मत्तयमध्ये तीच हाक प्रार्थना होते: प्रभूजी, वाचवा. क्रमही वेगळा. मार्क आणि लूक यांत आधी वारा शांत होतो, मग शिष्यांना प्रश्न. मत्तयमध्ये लाटा नावेवर येत असतानाच येशू त्यांच्या अल्पविश्वासाबद्दल बोलतो आणि नंतर उठतो.

त्या नावेत पेत्र, अंद्रिया, याकोब, योहान यांच्यासारखे कोळी होते. वर्सोव्याच्या किंवा माहीमच्या कोळीवाड्यातल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. जून-जुलैत नाव का हाकत नाहीत हे त्याला माहीत असतं. धंद्यात मुरलेली माणसं घाबरली, म्हणजे वादळ खरंच जीवघेणं होतं. आणि मार्कमध्ये वादळ शमल्यावर त्यांचं भय वाढतं: हा आहे तरी कोण? गोष्ट या प्रश्नावर थांबते. ‘तुमच्या आयुष्यातलं प्रत्येक वादळ लगेच शांत होईल’ असं आश्वासन ती देत नाही. पण काळजी नाही का, असं रागाने विचारलेली हाकही येशूने ऐकली आणि तो उठला, हे देते. आयसीयूच्या बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला यातलं दुसरंच खरं उपयोगी पडतं.

तीन भाग एकत्र पाहायचे तर अ‍ॅपमध्ये प्रत्येक भागाला बुकमार्क करून आलटून पालटून उघडावे लागतात, आणि तिसऱ्यापर्यंत पोहोचेतो पहिल्याचे शब्द विसरतात. इथे छापील ‘पवित्र शास्त्र’ सरस. प्रसंगाच्या मथळ्याजवळ दुसऱ्या शुभवर्तमानांतले समांतर भाग दिलेले असतात. दोन कागदी खुणा घातल्या की काम झालं. मनन फोनवर करा, पण तुलना पुस्तकावर.

हायलाइटचे रंग बहुतेक लोक आवडलेल्या वचनाला लावतात. महिन्याभरात अख्खं पान पिवळं होतं आणि रंगाचा उपयोग उरत नाही. गोष्टींसाठी तीनच रंग ठरवा. एक रंग देव किंवा येशू जे करतो किंवा म्हणतो त्याला. दुसरा, गोष्ट कुणाला आणि कशामुळे सांगितली ते दाखवणाऱ्या शब्दांना. तिसरा, जिथे माणसं दचकतात, रागावतात, रडतात, गप्प होतात तिथे. मग नोटमध्ये तीन ओळी याच क्रमाने: देव इथे काय करतो, हे कुणासाठी, आणि मी यात कुठे.

क्रम बदलला की घोटाळा होतो. १ शमुवेल १७, दावीद आणि धिप्पाड योद्धा गल्याथ यांच्या लढाईची गोष्ट घ्या. ‘मी कुठे’ हा प्रश्न आधी विचारला की प्रत्येक जण दावीद होतो, आणि गल्याथ म्हणजे साहेब किंवा शेजारी. देव काय करतो हे आधी पाहिलं तर ४७वं वचन पुढे येतं: लढाई परमेश्वराची आहे. मग दिसतं की गल्याथ चाळीस दिवस सकाळ-संध्याकाळ आव्हान देत होता आणि तोवर सगळं सैन्य गप्प होतं. आपण बहुधा त्या सैन्यात असतो. नोटच्या शेवटी एक कृती लिहा. तिच्यात माणूस, दिवस आणि काम, तिन्ही हवेत. ‘सर्वांवर प्रीती करीन’ असं लिहिलं तर काहीच होत नाही. ‘शनिवारी त्या नव्या कुटुंबाला जेवायला बोलावीन’ असं लिहिलं तर रविवारी त्याचा हिशेब घेता येतो.

ऑडिओ ही अ‍ॅपची खरी जमेची बाजू आहे. ज्या आवृत्तीला आवाज आहे तिथे स्पीकरचं चिन्ह दिसतं. शुभवर्तमानं मुळात ऐकवण्यासाठीच लिहिली गेली. बहुतेकांना वाचता येत नव्हतं. मार्कचे सोळा अध्याय सलग ऐकायला साधारण दीड ते दोन तास लागतात. विरार-चर्चगेट जाऊन-येऊन तेवढा वेळ सहज निघतो. सलग ऐकलं की सुटं वाचताना निसटणाऱ्या गोष्टी लक्षात येतात, जसं मार्कमध्ये शिष्य किती वेळा काहीच समजत नाहीत ते. प्रवासात मध्येच नेट जातं, म्हणून हवी ती आवृत्ती ऑफलाइन उतरवता येते का ते घरीच पाहून ठेवा. प्रत्येक आवृत्तीला ती परवानगी नसते.

वाचन-योजनांबद्दल थोडक्यात. मराठीतल्या बऱ्याच योजना भाषांतरित आहेत आणि त्यांतली उदाहरणं परकी वाटतात. विषयवार योजना, चिंता, यश, नातेसंबंध वगैरे, इथून तिथून वचनं उचलतात, म्हणजे पुन्हा तीच अडचण. घ्यायचीच तर एकच पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला लावणारी घ्या. सलग दिवसांच्या मोजणीकडे लक्ष देऊ नका. अ‍ॅप उघडलं की दिवस धरला जातो, वाचलं का हे त्याला कळत नाही.

कॅथलिक वाचकांनी आवृत्ती निवडताना पुस्तकांची यादी उघडून पाहावी. प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं असतात, कॅथलिक बायबलात ७३. तोबीत, युदीथ, मक्काबी यांच्या गोष्टी ६६ पुस्तकांच्या आवृत्तीत सापडणार नाहीत, आणि वसई-वांद्र्याच्या घरांतून मिस्सेला ऐकलेलं वाचन शोधताना मग गोंधळ होतो. काही आवृत्त्यांत नुसता नवा करार असतो, तेही पाहून घ्या.

कौटुंबिक प्रार्थनेला हे अ‍ॅप वापरायचं असेल तर एकच फोन मध्ये ठेवा, ऑडिओ लावा, बाकीचे फोन बाजूला. गोष्ट दोनदा लावा. पहिल्यांदा कुणी काही बोलायचं नाही. दुसऱ्यांदा आजीच्या हातात मोठ्या टाइपाचं छापील पुस्तक द्या आणि मुलांना विचारा की कोण कुठे रागावलं. वीस मिनिटं पुरतात. स्पष्टीकरण घरातल्या मोठ्यांनी आधी सुरू केलं की मुलं गोष्ट ऐकायची थांबतात, म्हणून मोठ्यांनी शेवटी बोलावं.