टाटा मुंबई मॅरेथॉनची ड्रीम रन : एक अभिप्राय

दरवर्षी जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनची सुरुवात २००४ साली झाली आणि २०१८ पासून ती टाटा समूहाच्या नावाने ओळखली जाते. पूर्ण मॅरेथॉन, अर्धमॅरेथॉन, दहा किलोमीटर, ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग आणि ड्रीम रन अशा तिच्या निरनिराळ्या शर्यती आहेत. यांपैकी सुमारे सहा किलोमीटरच्या ड्रीम रनमध्ये एका सामाजिक संस्थेसाठी निधी गोळा करून मी सहभागी झालो, त्यामुळे हा अभिप्राय प्रामुख्याने त्याच शर्यतीबद्दल आहे.

ज्यांना खरोखर धावायचे आहे, त्यांनी ड्रीम रनची निवड करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून निघालेला जमाव इतका दाट असतो की सलग वेगाने धावणे जवळपास अशक्य होते, आणि या शर्यतीत वेळेची नोंदही होत नाही. धावण्याचा आनंद हवा असेल तर दहा किलोमीटरची शर्यत किंवा माहीमहून सुटणारी अर्धमॅरेथॉन घ्यावी. एरवी पादचाऱ्यांना बंद असलेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून पहाटे धावायला मिळणे आणि पुढे पेडर रोडच्या चढावर हातात चिक्की, संत्र्याच्या फोडी व मीठ घेऊन उभ्या असलेल्या रहिवाशांनी अनोळखी धावपटूंना नेटाने पुढे ढकलणे, हे सुख अर्धमॅरेथॉनच्या वाटेवर आहे.

ड्रीम रनचे मोल वेगळे आहे, आणि ते शर्यतीच्या दिवसाच्या बरेच आधी कळू लागते. युनायटेड वे मुंबई ही संस्था या मॅरेथॉनच्या निधिसंकलनाची बाजू सांभाळते. तिच्याकडे नोंदलेल्या स्वयंसेवी संस्थांपैकी आपल्याला पटेल ती निवडायची, आपले आवाहन लिहायचे आणि त्याचा दुवा ओळखीच्या लोकांना पाठवायचा, अशी ही सोपी पद्धत आहे. या मार्गाने आजवर ४०० कोटी रुपयांहून अधिक निधी सामाजिक कामांसाठी उभा राहिला आहे, आणि त्यात मोठ्या कंपन्यांच्या जोडीने असंख्य सामान्य माणसांच्या छोट्या रकमाही आहेत.

मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक मिळवून देणारी संस्था निवडली होती. दुवा पाठवल्यावर आमच्या कार्यालयातून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा फोन आला. ‘पैसे देतो, पण लेखनिक तर विनामूल्य येतात ना, मग खर्च कसला?’ असे त्यांनी विचारले. मला उत्तर ठाऊक नव्हते, म्हणून संस्थेत जाऊन विचारले. लेखनिकांचा प्रवासखर्च, त्यांना विषयाची तोंडओळख करून देणारे वर्ग, ऐन वेळी कोणी आजारी पडल्यास पर्यायी माणूस उभा करण्यासाठी दिवसभर फोनवर बसणारी एक कर्मचारी, असा तो तपशील होता. तो मी आवाहनात जसाच्या तसा घातला आणि त्यानंतर देणग्यांचा ओघ लक्षणीय वाढला. नुसता धनादेश लिहून दिला असता तर संस्थेचे काम मला इतक्या बारकाईने कधीच समजले नसते, आणि म्हणूनच निधी गोळा न करता केवळ सदरा आणि छायाचित्रांसाठी ड्रीम रनमध्ये उतरणाऱ्यांचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रत्यक्ष दिवशीचे दृश्य मात्र पाहण्यासारखे असते. अवयवदानाचे फलक धरलेले गट, नऊवारी नेसून झपाझप चालणाऱ्या आजीबाई, वेशभूषा केलेली मुले आणि व्हीलचेअर ढकलणारे स्वयंसेवक एकाच रस्त्यावर दिसतात. आमच्या गटातील एक विद्यार्थी मित्राच्या कोपराला धरून चालत होता आणि समुद्राचा वारा अंगावर आल्याबरोबर ‘मरीन ड्राइव्ह आला’ असे त्यानेच आम्हाला सांगितले. उणीव सांगायची तर पाण्याच्या अर्धवट प्यायलेल्या बाटल्यांची. एवढ्या मोठ्या उपक्रमात सहभागींनी स्वतःचे पेले आणण्याची प्रथा पडायला हवी.

पुढच्या वर्षी उतरू इच्छिणाऱ्यांनी आधी संस्था निवडावी, शक्य असल्यास तिचे काम प्रत्यक्ष पाहावे आणि मगच नोंदणी करावी. देणगीदारांना प्राप्तिकरातील सवलतीसाठी पावती हवी असल्यास ती कशी मिळेल हे आवाहनातच लिहावे, कारण हा प्रश्न हमखास येतो. दिवाळीचा खर्च आटोपला की लगेच पहिले आवाहन पाठवणे उत्तम, कारण डिसेंबरअखेरीस लोक सुट्टीवर जातात आणि जानेवारी उजाडताच स्मरणपत्रे पाठवायलाही वेळ उरत नाही.