पेट्रोल की ईव्ही? आधी रीजन नीट समजून घ्या

मामेभाऊ वाकडला राहतो, ऑफिस खराडीला, म्हणजे रोजचं जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा कोकणात गावी. त्याला शोरूममधे सांगितलं की ईव्ही ब्रेक मारताना स्वतःच चार्ज होते, तेव्हापासून तो त्याच हिशोबात अडकलाय. मी ९ वर्षं पेट्रोल चालवली, आता तिसरं वर्ष ईव्हीचं, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून सांगतो.

रीजन, म्हणजे रीजनरेटिव्ह ब्रेकिंग, म्हणजे काय तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर उलटं काम करते, जनरेटर होते, गाडी हळू होते आणि त्यातली थोडी वीज बॅटरीत परत जाते. पेट्रोल गाडीत हाच वेग ब्रेक पॅडमधे उष्णता होऊन वाया जातो. पण परत मिळते ती तुम्हीच आधी खर्च केलेली वीज, तीही पूर्ण नाही. फुकटची रेंज असं धरून गाडी घेऊ नका.

शहरात मात्र फरक जबरदस्त आहे. संध्याकाळी सहाला वाकड ते खराडी पेट्रोल गाडीत क्लच दाबून डावा गुडघा दुखायचा आणि मायलेज १२ वर यायचं. ईव्हीत रीजन वरच्या लेव्हलला ठेवलं की एकाच पेडलवर काम होतं, पुढची गाडी हळू झाली की पाय थोडा उचलायचा बस. पहिले चार-पाच दिवस मान पुढे-मागे होते, मागे बसलेल्याला मळमळतं, आईला झालं होतं तसं, मग पाय झटक्यात न काढता हळूहळू उचलायची सवय लागते. माझ्या नेक्सॉन ईव्हीला ० ते ३ लेव्हल आहेत, स्टिअरिंगमागच्या पॅडलने बदलता येतात. गर्दीत ३, मोकळ्या रस्त्यावर ० किंवा १. एक्सप्रेसवेवर ९०-१०० च्या स्पीडला ब्रेकच कमी लागतात, बरीचशी वीज हवा कापण्यात जाते, तिथे रीजन जवळजवळ काही देत नाही. लांबचा हायवे हेच मुख्य काम असेल तर पेट्रोल किंवा डिझेल आजही सोपं पडतं, हे मी ईव्हीवाला असून सांगतोय.

आता घाट, कारण इथे माझी चूक झाली होती. महाबळेश्वरला मुक्कामी होतो, हॉटेलवाल्याने १५ अँपिअरचा सॉकेट दिला, रात्रभर लावून सकाळी १०० टक्के, खूश होऊन आंबेनळी घाटात उतरायला लागलो आणि पाय काढला तरी गाडी हळूच होईना. बॅटरी भरलेली असली की वीज ठेवायला जागाच नसते, त्यामुळे रीजन बंद किंवा अगदी कमी होतं. पेट्रोल गाडीत सेकंड गिअर टाकला की इंजिन गाडी धरून ठेवतं, इथे तसा गिअरही नाही, सगळा भार ब्रेकवर. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर पॅडचा जळका वास यायला लागला तेव्हा गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं थांबलो. पुढच्या वेळी ८५ वरच चार्जिंग काढलं, लेव्हल ३ लावली, घाटाच्या पायथ्याला पोलादपूरला पोचेपर्यंत ब्रेक फार थोडा लागला आणि मीटर ८८ दाखवत होता. चाळीस किलोमीटर जाऊन वर तीन टक्के! पण हाच रस्ता चढताना जवळपास २४ टक्के गेले होते (बॅटरी ४० युनिटची), तेही लक्षात ठेवा. डोंगरावर मुक्काम असेल तर ८०-८५ वर थांबायचं, हा नियमच करा.

मेंटेनन्समधे ईव्ही सरळ पुढे. ऑइल नाही, क्लच नाही, पॅड अजून पहिलेच आहेत. फक्त पावसाळ्यात ब्रेक कमी वापरल्याने डिस्कवर गंज धरतो, सकाळी खरखर आवाज येतो, म्हणून आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर मागे कोणी नाही बघून चार-पाच दणकून ब्रेक मारायचे.

पैशाचं बघा. पेट्रोल १०४ च्या आसपास धरलं आणि शहरात १३-१४ मायलेज, तर किलोमीटरला साडेसात-आठ रुपये. माझी ईव्ही एका युनिटला साडेसहा किलोमीटर देते, घरी युनिटचे १२ रुपये धरले तरी दोनच्या आत. मात्र रोज बाहेरच्या फास्ट चार्जरवर गेलात तर तिथे युनिट २०-२५ ला पडतं, वर ताटकळत बसायचं, मग ईव्हीची निम्मी मजा गेली. म्हणून रीजन, स्क्रीन, सनरूफ सगळं नंतर, आधी पार्किंगमधे स्वतःचा चार्जिंग पॉइंट मिळतो का ते बघा. आमच्या सोसायटीत परवानगीला पाच महिने गेले, तेवढे महिने मी गाडी घेऊन पस्तावलो होतो. आधी कमिटीचं लेखी पत्र, मग ईव्हीसाठी वेगळ्या मीटरचा अर्ज, मग बुकिंग, याच क्रमाने.

भावाला मी ईव्हीच घे म्हटलंय, कारण त्याच्या बिल्डिंगमधे पॉइंट आहे आणि रोजचा रस्ता सगळा ट्रॅफिकचा. कोकणात जाताना चार्जिंगचा एक थांबा ठरवून निघायचं, शक्यतो जेवणाच्या वेळेचा. टेस्ट ड्राइव्हला गेलात की सेल्समनला प्रत्येक रीजन लेव्हल लावून दाखवायला सांगा आणि घरच्यांपैकी ज्यांना गाडी लागते त्यांना मागच्या सीटवर बसवून न्या.