किशोरवयीन नैराश्यात पहिली गोळी: फ्लुओक्सेटीन की एसिटालोप्राम?

सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्याची उपचारपद्धती) चालू आहे, पण पुरत नाही. नैराश्य मध्यम ते तीव्र आहे आणि आता औषध लिहायचंच, असं ठरलेल्या तरुण सहकाऱ्यांसाठी हे लिहितोय.

कागदावर दोन्ही चालतात. नैराश्यासाठी एफडीएची (अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेची) मान्यता फ्लुओक्सेटीनला वयाच्या 8 व्या वर्षापासून पुढे आहे, एसिटालोप्रामला 12 व्या वर्षापासून. उपचारांची मार्गदर्शक सूत्रं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेचा कौल मात्र स्पष्ट आहे: आधी फ्लुओक्सेटीन. पुराव्याचं पारडंही तिकडेच जड. 2004 च्या टॅड्स अभ्यासात 12 ते 17 वयाची 439 मुलं होती. 12 आठवड्यांनी फ्लुओक्सेटीन आणि सीबीटी एकत्र घेणाऱ्यांपैकी 71 टक्के सुधारली, प्लासिबोवर (औषध नसलेल्या गोळीवर) सुमारे 35.

एसिटालोप्रामची बाजू लंगडी नाही. मूल आधीच रिस्पेरिडोन किंवा ॲटोमॉक्सेटीन यांसारखं दुसरं मानसोपचाराचं औषध घेत असेल, तर फ्लुओक्सेटीन त्यांची रक्तातली पातळी वाढवतं. शिवाय चिंतेनं झोप उडालेली मुलं एसिटालोप्रामवर लवकर शांत होतात, असं मला तरी दिसलंय.

माझं मत ठरलं ते चुकलेल्या गोळ्यांमुळे. या वयात गोळी चुकतेच. परीक्षा असते, मित्राकडे मुक्काम असतो, नाहीतर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून. एसिटालोप्रामची हाफ-लाइफ, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, 30 तासांच्या आसपास. दोन-तीन दिवस चुकले की काही मुलांना गरगरतं, डोक्यात विजेसारखे झटके जाणवतात, चिडचिड होते, रडू कोसळतं. आई-वडील घाबरतात: ‘डॉक्टर, याला गोळीची सवय लागली.’ मग औषध सुटतं आणि पुष्कळदा माझ्याकडे येणंही. मलाही समोर बसून सांगता येत नाही की आजार उलटलाय की औषध तुटल्याचा हा त्रास आहे. पुढचा सगळा निर्णय तर त्यावरच असतो. फ्लुओक्सेटीन आणि त्यापासून बनणारं नॉरफ्लुओक्सेटीन शरीरात कित्येक दिवस रेंगाळतं, त्यामुळे अधूनमधून चुकलेली गोळी खपून जाते.

हेच रेंगाळणं कधी अंगाशीही येतं. बेचैनी वाढली किंवा मॅनियाची (अतिउत्साहाच्या झटक्याची) चाहूल लागली, तर आज बंद केलेलं औषध लगेच निघून जात नाही. घराण्यात बायपोलर (नैराश्य आणि मॅनिया आलटून-पालटून येणारा आजार) असेल तिथे मी थबकतो, आणि द्यायचंच झालं तर बहुधा एसिटालोप्राम निवडतो. बाकीच्यांना 10 मिलिग्रॅम फ्लुओक्सेटीन, सकाळी.

आत्महत्येचे विचार वाढू शकतात, हा एफडीएचा इशारा दोन्ही औषधांना लागू आहे. पहिले चार आठवडे दर आठवड्याला भेटा, मुलाशी एकट्यानं बोला आणि गोळ्यांची पट्टी पालकांच्या ताब्यात राहू द्या.