ओरखडा: घासायचा की भरायचा?
पार्किंगमध्ये गाडीवर कुणी किल्ली ओढून गेलं, की आपण आधी चिडतो आणि मग दुकानात हाताला येईल ते घेऊन येतो. त्याआधी जागा धुवा, पुसा आणि ओरखड्यावरून आडवं नख फिरवा.

नख अडकलं नाही, तर इजा बहुधा क्लिअर कोटपुरतीच, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरापुरतीच. तिथे रबिंग कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, पुरेशी. पण ती ओरखडा भरत नाही, आजूबाजूचा थर झिजवून त्याच्या पातळीला आणते. हा पारदर्शक थर साधारण 40-50 मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ. त्यामुळे दर दिवाळीला घासायची हौस नको.

नख अडकलं, प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) किंवा पत्रा दिसला, तर कितीही घासा, व्यर्थ. तिथे टच-अप पेनच, म्हणजे गाडीच्या रंगाचं छोटं पेन. नेमक्या छटेचा कलर कोड बऱ्याच गाड्यांत दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर सापडतो. एकदाच जाड थर थापायचा मोह आवरा. पातळ दोन-तीन द्या, मध्ये वाळू द्या. साध्या पांढऱ्यावर हे खपून जातं, मेटॅलिक सिल्व्हरवर जवळून ठिपका दिसतोच. मला चालतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत उघड्या पत्र्यापेक्षा ठिपका बरा. प्लॅस्टिकच्या बंपरला मात्र गंज चढत नाही. तिथे पुढच्या रविवारपर्यंत थांबलात तरी चालेल.