रविवारची लोकल पकडून मुंबई हिंडणं: हॉस्टेलवाल्यांचा रिव्ह्यू

रिव्ह्यू मुंबई लोकलचा आहे, पण सकाळी साडेआठला विरार फास्टमध्ये लटकणाऱ्यांच्या लोकलचा नाही, त्याच्यावर लिहून लिहून लोकांचे कीबोर्ड झिजलेत. हा शनिवार-रविवारच्या लोकलचा, आणि तोही आमच्यासारख्या बाहेरगावाहून शिकायला आलेल्या, मेसचे पैसे भरून झाले की खिशात फार काही न उरलेल्या पोरापोरींच्या बाजूने. आमच्या ग्रुपमध्ये लातूर, अकोला, पाटणा, कोट्टायम असं सगळं आहे, त्यामुळे कुठे जायचं यावर एकमत कधीच होत नाही आणि शेवटी जी गाडी येते ती ठरवते. चार स्टार देतोय, पाचवा का कापला ते येईलच पुढे.

आधी पैशाचं. सेकंड क्लासचं तिकीट ५ रुपयांपासून सुरू होतं, मे २०२५ पासून बेस्टच्या बसचंसुद्धा कमीत कमी भाडं १० रुपये झालंय, तेव्हा हिशोब तुम्हीच करा. कॅब वगैरेचं तर नावच काढू नका. ग्रुपमध्ये एक जण हमखास म्हणतो की अरे आपल्याकडे कन्सेशनचा पास आहे की! तर बाबा तो पास हॉस्टेल ते कॉलेज एवढाच चालतो, त्याच्या बाहेर उतरलास आणि टीसीने धरलं तर कमीत कमी २५० दंड आणि वर भाडं, म्हणजे सगळ्यांच्या नाश्त्याचे पैसे गेले. पलीकडच्या लाइनवर जाणार असाल तर तिकीट काढाच. एक, तीन आणि पाच दिवसांचं टुरिस्ट तिकीटपण मिळतं, वेस्टर्न-सेंट्रल-हार्बर तिन्हीवर चालतं, गावाकडून चुलतभाऊ वगैरे आले आणि त्यांना दिवसभर चढ-उतर करायचीय तर घ्या, पण दोन-तीन स्टेशनं करणाऱ्या विद्यार्थ्यांना साधं रिटर्नच परवडतं.

माझा मुख्य मुद्दा एवढाच की एका दिवसात "अख्खी मुंबई" करायला जाऊ नका. नवीन आलेले सगळे हेच करतात, गेटवे, मरीन ड्राइव्ह, हाजी अली, बांद्रा, जुहू, आणि संध्याकाळी हातात फक्त फोटो आणि दुखरे पाय. त्यापेक्षा एक लाइन धरा, तिच्यावरची दोन-तीन स्टेशनं निवडा आणि स्टेशनातून बाहेर पडून चाला. लोकलचं खरं सुख हेच आहे, कंटाळा आला की दहा मिनिटांत पुढची गाडी.

आमचं सगळ्यात जमलेलं प्रकरण म्हणजे रविवारी सकाळचं दक्षिण मुंबईतलं फोर्ट. ऑफिसं बंद, रस्ते रिकामे, मान वर करून बिल्डिंगा बघत चाललं तरी मागून कोणी हॉर्न मारत नाही. सीएसएमटीला उतरायचं (१८८८ ला बांधून झालं, २००४ पासून युनेस्कोच्या यादीत), समोर महापालिकेची बिल्डिंग, तिथून चालत चालत चर्चगेटला आलं की वेस्टर्न रेल्वेच्या हेडऑफिसची दगडी बिल्डिंग, आणि मजा म्हणजे या तिन्ही एकाच आर्किटेक्टच्या, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या. हे कळल्यावर आमच्यातला आर्किटेक्चरवाला जो सुरू झाला तो थांबेचना. मधे ओव्हल मैदान लागतं, एका बाजूला हायकोर्ट आणि १८७८ चा राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला गोल गोल बाल्कन्यांच्या आर्ट डेको बिल्डिंगा, हा सगळा पट्टा २०१८ ला युनेस्कोत गेला. आणि मधल्या मैदानात एकावेळी इतक्या मॅचेस चालू असतात की एकीचा फिल्डर दुसरीच्या पीचजवळ उभा असतो, कोणाचा बॉल कोणाचा हे त्यांनाच माहीत. फक्त एक लक्षात ठेवा, फोर्टातली बरीच जुनी खायची ठिकाणं रविवारी बंद असतात, इराणी चहा-ब्रून मस्काची स्वप्नं बघत जाल तर आधी चौकशी करा. स्टेशनबाहेरचा वडापाव मात्र कधी धोका देत नाही.

दादर-माटुंगा हे दुसरं. दादरला ब्रिजवर गर्दीत चुकामूक होणार हे धरूनच चला, भेटायची जागा आधी ठरवा आणि "प्लॅटफॉर्म एकवर भेटू" म्हणताना जुने लोक सांगतात ते नंबर धरू नका, डिसेंबर २०२३ पासून वेस्टर्नचे १ ते ७ आणि सेंट्रलचे पुढे ८ ते १४ असे सलग झालेत. वेस्टला उतरलं की फुलमार्केट, सकाळी लवकर गेलं तरच खरं. मग सेंट्रलचं माटुंगा, २०१७ पासून हे स्टेशन पूर्ण बायकांच्या हातात आहे, तिकीट खिडकीपासून स्टेशन मास्तरपर्यंत. बाहेर इडली-डोसावाली जुनी उडुपी हॉटेलं, रविवारी सकाळी बाहेर नाव लिहून उभं राहावं लागतं. आमच्या कोट्टायमवाल्याने फिल्टर कॉफीचा पहिला घोट घेतला, काही बोलला नाही, फक्त दुसरी मागवली. याच्यापेक्षा चांगला रिव्ह्यू माझ्याकडे नाही.

कान्हेरी पण करा, बोरिवलीला उतरून नॅशनल पार्क, शंभराच्या वर लेणी आहेत, पण गेटपासून आत बरंच लांब आहे, आतली बस बघा आणि पाणी घेऊन जा. सोमवारी पार्क बंद, सुट्टी सोमवारी आली म्हणून निघाल तर गेटवरूनच परत.

आता तो कापलेला स्टार. मेगाब्लॉक! रविवार हा आमचा फिरायचा दिवस आणि तोच रेल्वेचा दुरुस्तीचा दिवस. कळतं हो की रूळ, सिग्नल, ओव्हरहेड वायर हे सगळं कधीतरी करावंच लागतं आणि आठवड्यातल्या इतर दिवशी केलं तर शहर बंद पडेल, पण भोगायचं आम्ही. साधारण अकरा ते चार-साडेचार, सेंट्रलला फास्ट गाड्या स्लोवर वळवतात म्हणजे तुमची फास्ट सगळीकडे थांबत जाते, आणि हार्बरवर तर मधला तुकडाच बंद असतो, तेव्हा त्याच तिकिटावर दुसऱ्या लाइनने जायला देतात ते बघून घ्या. ब्लॉक कुठे आहे हे आदल्या दिवशी कळतं, एम-इंडिकेटर अॅपवरपण येतं. त्यात भर म्हणून रविवारचं टाइमटेबल, म्हणजे गाड्या मुळातच कमी.

म्हणून हार्बरचं सगळं शनिवारीच उरकतो आम्ही. हार्बरला कोणी हिंडायची लाइन म्हणत नाही हे मला पटत नाही, ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची रेल्वे याच लाइनवर धावली, व्हीटी (म्हणजे आताचं सीएसएमटी) ते कुर्ला. मशीदच्या पुढे सँडहर्स्ट रोडला गाडी घरांच्या खिडक्यांच्या उंचीवरून जाते, दारात उभं न राहतासुद्धा लोकांची वाळत घातलेली चादर ओळखीची होते. पुढे शिवडीला उतरायचं, किल्ला बघायचा आणि हिवाळ्यापासून मेपर्यंत जेट्टीकडे फ्लेमिंगो. तिथे भरतीचं टाइमटेबल बघूनच जा, पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि पूर्ण ओहोटीला पक्षी इतके लांब की मोबाइलच्या फोटोत गुलाबी ठिपके. मधली वेळ साधली तर समोर थवा आणि मागे अटल सेतू. पाटणावाला म्हणाला की मुंबईत एवढं शांत कुठे असू शकतं, तेवढ्यात मागून ट्रकने हॉर्न मारला.

ग्रुपची गोष्ट राहिली. मुली-मुलं एकत्र असाल तर जनरलला सगळे, की मुली लेडीजमध्ये हे प्लॅटफॉर्मवर गाडी आल्यावर ठरवू नका, आधीच ठरवा आणि उतरायचं स्टेशन सगळ्यांना पाठ पाहिजे, दरवाजा कुठल्या बाजूला येणार हेसुद्धा. आमच्यात लेडीज डब्यातल्या मुली कायम आमच्याआधी बाहेर पडून उभ्या असतात, कारण तिथे एक काकू असतातच ज्या न विचारता सांगतात, "पुढच्याला उतरायचंय ना, मग आताच पुढे या." आमच्या डब्यात असं कोणी नसतं. संध्याकाळी सहानंतर चर्चगेटहून परत यायचं टाळा, मरीन ड्राइव्हवरचं अर्धं शहर त्याच गाडीत असतं, एक तर पाचला निघा नाहीतर साडेनऊनंतर. साडेनऊनंतर विंडो मिळते, पण मग हॉस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं ते तुमचं तुम्ही बघा.