कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं मामांचं सलून: माझ्या भावाची कटिंग-दाढी

दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मामांनीच नको म्हणून सांगितलं, "उद्या माझ्या खुर्चीत कोण बसलंय ते बघायला लोक दारात थांबतील." पेठेत तालमीच्या पोरांची कटिंग करणारे मामा म्हणून विचारलं तर कुणीही दाखवेल. दोन खुर्च्यांचं दुकान आहे. कटिंग १०० रुपये, दाढी ६०. सोमवारी बंद.

माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. २२ व्या वर्षी त्याला स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार झाला. त्याआधी तो रोज पहाटे तालमीत जायचा. आता महिन्याचं इंजेक्शन आणि रात्रीची एक गोळी चालू आहे. औषधानं वजन वाढलंय, पण झोप लागते आणि कुणी नसताना कानात ऐकू येणारे आवाज बरेच कमी झालेत.

आधी आम्ही दुसऱ्या एका सलूनमध्ये जायचो. रविवारची गर्दी, टीव्ही मोठ्यानं, मागच्या बाकावर दोन पोरं मोबाईलवर काहीतरी बघून हसत होती. भावाला आरशात फक्त त्यांचे हसणारे चेहरे दिसले. त्यानं कारागिराचा हात झटकला, कानाला ब्लेड लागलं, रक्त आलं. "वेड्यानं अंगावर हात टाकला" म्हणून चौघांनी त्यालाच मारलं. मी पान आणायला टपरीवर गेलो होतो. परत आलो तर तो फरशीवर बसून डोकं झाकत होता. त्यानंतर सात महिने त्यानं कुणालाही केसांना हात लावू दिला नाही.

डॉक्टरांनी तेव्हा मला नीट बसवून समजावलं. या आजारात समोरच्याच्या चेहऱ्यावरचा भाव ओळखायला अनेकांना जड जातं. काहीच भाव नसलेला चेहराही रागावलेला, धमकावणारा वाटू शकतो. म्हणजे आधी भीती येते, हात त्याच्यामागनं उठतो. मेंदूचा पुढचा भाग आपल्याला ऐनवेळी थांबवत असतो. काही रुग्णांत ते थांबवणं कमी पडतं, आणि झोप झाली नसेल किंवा दारू पोटात असेल तर आणखी कमी पडतं. मी इतकी वर्षं त्याच्या रागालाच धरून बसलो होतो. भीतीचा विचार माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

मामांना मी यातलं निम्मंच सांगितलं. बाकीचं त्यांनी स्वतः बघून ठरवलं. भावाला ते भिंतीकडच्या खुर्चीत बसवतात, म्हणजे पाठीमागं कुणी उभं राहत नाही. रेडिओ बंद, कारण गाण्यांच्या मध्ये बोलणारा माणूस आपल्याविषयीच बोलतोय असं त्याला वाटतं. आरसा नको असेल तर त्यावर टॉवेल टाकतात. "पैलवान, आता कानामागं मशीन लावतोय," "आता गळ्यापाशी येतोय," असं प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगतात. भावानं तळहात वर केला की थांबायचं, हे दोघांत ठरलेलं आहे. चेहऱ्यावर हसू उगाच ठेवत नाहीत, आवाज मात्र मऊ असतो.

गेल्या गणपतीत खरी परीक्षा झाली. अर्धी दाढी झालेली, तेवढ्यात गल्लीतनं ढोलताशा आला. भाऊ ताडकन उठला, मुठी आवळलेल्या, नजर दारावर. मी पुढं धावणार होतो, मामांनी मला हातानं अडवलं. वस्तरा मिटून ड्रॉवरमध्ये टाकला, स्वतः दोन पावलं मागं सरले, दाराकडची वाट मोकळी ठेवली आणि एवढंच म्हणाले, "मिरवणूक हाय, पुढं जाईल. पाणी घेणार?" धरलं नाही, खांद्यावर हात ठेवला नाही, शांत हो म्हणूनही सांगितलं नाही. सात-आठ मिनिटं तिघंही तसेच उभे होतो. मग भाऊच बसला. उरलेली दाढी दुसऱ्या दिवशी केली आणि वेगळे पैसे घेतले नाहीत.

आता कुणी म्हणेल, या माणसांच्या गळ्याशी वस्तरा न्यायचाच कशाला. मी लपवून ठेवणार नाही. उपचार सुरू व्हायच्या आधी भावानं वडिलांच्या डोक्यात तांब्या मारला होता, जेवणात विष घातलंय असं वाटून. धोका वाढतो तो कशानं हेही त्यामुळंच शिकलो: औषध बंद पडणं, दारू-गांजा, कुणीतरी जिवावर उठलंय हा पक्का भ्रम, 'मार' म्हणून सांगणारे आवाज, आणि आधी झालेली मारामारी. यातलं काही दिसलं तर मी त्याला सलूनला नेतच नाही, सरळ डॉक्टरांना फोन करतो. पण हा आजार असलेली बहुतेक माणसं कुणावर हात उचलत नाहीत. उलट मार खाणाऱ्यांत ती जास्त असतात. माझ्या भावाच्या कानामागचा व्रण मी रोज बघतो.

दुकानात उणं काय, तेही सांगतो. पायऱ्या उंच आहेत, वयस्करांना धरून चढवावं लागतं. पावसाळ्यात टॉवेलला कुबट वास येतो, आम्ही घरचा नेतो. नवा कारागीर पोरगा मोठ्यानं बोलतो आणि न सांगता मान वळवतो. त्याच्याकडं बसू नका, मामांसाठी थांबा. रविवारी तर अशा माणसाला घेऊन अजिबात जाऊ नका.

घरी असंच कुणी असेल आणि कुठं विचारायचं कळत नसेल, तर कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

मामांकडं यायचं तर आदल्या दिवशी दुकानात जाऊन सांगून ठेवा, ते वेळ मोकळी ठेवतात. बुधवारी अडीच ते साडेतीन आमची वेळ आहे, तेवढी सोडून या.